सत्तेचाळीस नंबरचं उष्टावण

नव्या पन्नास पिस्तुलांपैकी सत्तेचाळीस नंबरचं पिस्तूल गोळी गिळत नव्हतं, कारण त्याचं उष्टावण राहून गेलं होतं. कारण इतकं साधं होतं. पण शेरेगावच्या पोलीस मुख्यालयाला ते कळायला एकवीस दिवस लागले. सरकारी कामात साध्या कारणाचा नंबर नेहमी शेवटी लागतो.

पिस्तुलं आली तेव्हा ती शस्त्रागारात उतरवून घेतली हवालदार ज्ञानोबा खिलारे यांनी. नोकरी बत्तीस वर्षांची, त्यातली एकोणीस ह्याच लोखंडी दाराआड गेलेली. सकाळी हत्यार द्यायचं, संध्याकाळी परत घ्यायचं, न उडता परत आलं की मनातल्या मनात 'बरं झालं' म्हणायचं आणि फळीवर ठेवायचं, एवढंच त्यांचं काम. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते. घरी कुणी नव्हतं. मंडळी जाऊन सहा वर्षं झाली होती आणि मूलबाळ झालंच नव्हतं.

सगळं मुख्यालय त्यांना मामा म्हणे. तसं पोलिसाला उभा महाराष्ट्रच मामा म्हणतो. ज्याची गाडी अडवली आहे तोही म्हणतो, आणि जरा जास्तच प्रेमाने म्हणतो. पण खिलारेंना सख्खी, चुलत, मावस, मानलेली, कसलीच बहीण नव्हती. बत्तीस वर्षं ते मामा होते आणि भाचरू म्हणून एकही नव्हतं. ह्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. तक्रार कुठल्या नमुन्यात करायची, हेही त्यांना माहीत नव्हतं.

सत्तेचाळीस नंबरची तऱ्हा अशी होती की गोळी मॅगझिनमधून वर यायची, नळीच्या तोंडापर्यंत जायची आणि तिथे तिरकी होऊन बसायची. वरची स्लाइड अर्ध्यावर थांबायची. हट्टी पोर घास गालात धरून बसतं ना, तसं. मागे ओढून सोडवली की गोळी बाहेर पडायची, ओली न झालेली, दातही न लागलेली.

मुख्यालयाची शस्त्र कारागीर होती यास्मिन मुजावर. वय तिशीचं, हात सोनाराचे आणि तोंड वकिलाचं. तिने आधी सत्तेचाळीसला शेहेचाळीसचं मॅगझिन लावून पाहिलं. नाही. मग सत्तेचाळीसचं मॅगझिन शेहेचाळीसला लावलं, तर शेहेचाळीसने आठही गोळ्या मटकावल्या. तिने स्प्रिंग बदलली. मॅगझिनचे ओठ मोजले. गोळी चढते तो उतार बोट घसरेल इतका गुळगुळीत केला. तेल कमी केलं, तेल वाढवलं. गोळ्यांची पेटी बदलली. धरणाऱ्याचा हात सैल पडत असेल म्हणून बँडपथकातल्या ढोलवाल्याला धरायला लावलं. असे बारा प्रयोग झाले आणि बाराव्यानंतर तिने वहीत लिहिलं: 'यंत्रात दोष नाही. इच्छा नाही.'

ही नोंद वरपर्यंत गेली आणि वरून उत्तर आलं, की येत्या शुक्रवारी तपासणी समिती येत आहे. समितीसमोर आठापैकी आठ गोळ्या नीट गेल्या तर ठीक. न गेल्यास हत्यार बाद करून, त्याचे तीन तुकडे करून, भट्टीकडे पाठवावे.

खिलारेंनी तो कागद दोनदा वाचला. त्यांच्या एकोणीस वर्षांत शस्त्रागारातून एकही हत्यार भट्टीला गेलं नव्हतं. शंभर वर्षांच्या बंदुका त्यांनी तेल चोळून जपल्या होत्या, आणि हे तर अजून कोरं करकरीत होतं. त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी सत्तेचाळीस नंबरला फडक्यात गुंडाळलं आणि पुन्हा फळीवर ठेवलं.

सोमवारी सकाळी त्यांना सुचलं ते असं. प्रत्येक पिस्तुलाच्या खोक्यात एक कार्ड होतं. शासनाचा व्यवहार मराठीत असावा म्हणून पुरवठादाराने सगळे कागद मराठीत करून दिले होते आणि नियमाने मराठी प्रतच खरी. कार्डावर एक रकाना होता, 'प्रथम भरवणी'. त्यापुढे तारीख. त्यापुढे भरवणाऱ्याची सही. खाली 'नाते'. खिलारेंनी पन्नास कार्डं टेबलावर मांडली. एकोणपन्नास कार्डांवर तारीख होती, एकाच माणसाची गिरमिटलेली सही होती आणि नात्यापुढे स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'मामा'. सत्तेचाळीसच्या कार्डावर रकाना कोरा होता. ते पिस्तूल तयार झालं तो शनिवार होता. कारखान्यातले मामा दुपारीच घरी गेले असणार.

मग त्यांनी माहितीपुस्तिका उघडली. अकराव्या पानावर होतं: 'पिस्तूल पहिल्यांदा भरवताना योग्य विधी पाळावा. विधी न पाळल्यास पुढे भरवण्यात अडथळे येतात.'

"यास्मिन," खिलारेंनी हाक मारली, "ह्याचं उष्टावण झाल्यालं न्हाई."

यास्मिनने कोरं कार्ड पाहिलं, पुस्तिका पाहिली आणि कपाळाला हात लावला. "तरीच! मी मेली तीन आठवडे त्या स्प्रिंगला शिव्या घालतीय. मामा, उपाशी लेकराला आपण तेल पाजत होतो की वो."

फाइल मुख्य लिपिक पेंढारकरांकडे गेली. पेंढारकरांना मुख्यालयात सगळे भीत, कारण त्यांना नियम पाठ होते आणि शुद्धलेखन त्याहून पाठ होतं. त्यांनी चष्मा वर केला.

"वय किती?"

"सा म्हैनं पुरं झाल्यात," खिलारे म्हणाले.

"मुलगा असेल तर सम महिना चालतो. मुलगी असेल तर विषम लागतो. हे काय आहे?"

खिलारे आणि यास्मिनने एकमेकांकडे पाहिलं. "पिस्तूल हाय, साहेब."

"ते दिसतंय. तो, ती की ते?"

"ते."

"नपुंसकलिंग." पेंढारकरांनी पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं. प्रकरण इथेच अडणार असं वाटत असताना त्यांचा चेहरा उजळला. "ते बाळ. ते मूल. ते लेकरू. व्याकरण जुळतं. महिना चालेल." त्यांनी बरोबरची खूण केली. "मामा कोण?"

"मामाला काय तोटा?" यास्मिन म्हणाली. "मुख्यालयात दोनशे बारा आहेत."

मंगळवारी गोळीबार मैदानावर दोनशे बारा मामांची रांग लागली. वाहतुकीचे मामा आले, श्वानपथकाचे मामा आले, बिनतारीचे मामा आले. प्रत्येकाने मॅगझिनमध्ये एक गोळी घालायची, स्लाइड सोडायची आणि बाजूला व्हायचं, असं ठरलं होतं. कुणी लाडाने दिली, कुणी दरडावून. श्वानपथकाच्या मामांनी आपल्या कुत्रीला देतात तशी चुचकारून दिली. बँडवाल्यांनी तर आधी एक धून वाजवली. सत्तेचाळीसने एकाचीही घेतली नाही.

सगळ्यात शेवटी खिलारे होते. ते मुद्दामच शेवटी राहिले होते. आपल्या हातून ते घेईल, असं त्यांना आतून वाटत होतं. एकवीस दिवस रोज फडकं कुणी मारलं होतं? त्यांनी गोळी सदऱ्याला पुसली, घातली आणि स्लाइड सोडली. गोळी वर आली, तोंडाशी गेली आणि तिरकी झाली.

"बरं," खिलारे म्हणाले. त्यांनी गोळी काढून परत पेटीत ठेवली आणि वहीत नोंद केली: 'दिल्या दोनशे बारा, परत दोनशे बारा.' मग ते दाराआड जाऊन बसले आणि दुपारचा चहा आला तरी बाहेर आले नाहीत.

पेंढारकर स्वतः शस्त्रागारात आले, हे बऱ्याच वर्षांत घडलं नव्हतं.

"खिलारे, चूक आपली आहे," ते म्हणाले. "तुम्ही सगळे जनतेचे मामा. ह्याचे कोण? मामा म्हणजे आईचा भाऊ. आधी आई ठरवली पाहिजे." त्यांनी आवक नोंदवही पुढ्यात ओढली. सत्तेचाळीस नंबरपुढे लिहिलं होतं, 'तपासून ताब्यात घेतले', आणि खाली सही होती यास्मिन मुजावरची.

"आता ग," यास्मिन म्हणाली. "सही करताना मला कुणी सांगितलं न्हवतं."

"आईला कुणीच आधी नीट सांगत नाही," पेंढारकर म्हणाले. "भाऊ आहे का?"

"न्हाई. आम्ही चौघी बहिणीच."

 एकीला भाऊ नव्हता, एकाला बहीण नव्हती, आणि दोघंही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना आठ वर्षं बसत होती. पेंढारकरांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं आणि कोरा कागद मागितला.

बुधवारी टिपणी उपअधीक्षक नाईकनवरे मॅडमच्या टेबलावर गेली. मॅडमनी ती शेवटपर्यंत वाचली.

"नातं आदेशाने लावता येतं का, पेंढारकर?"

"मॅडम, आदेशाने माणूस चंद्रपूरहून सावंतवाडीला जातो. आदेशाने शिपायाचा हवालदार होतो. हे तर एकाच खोलीतलं आहे."

"दोघांची हरकत?"

यास्मिन म्हणाली, "माझी न्हाई." खिलारेंनी टोपी सरळ केली. मग तेही म्हणाले, "न्हाई, मॅडम."

आदेश निघाला तो असा: 'पोलीस हवालदार ज्ञानोबा बाळू खिलारे व महिला पोलीस शिपाई यास्मिन दस्तगीर मुजावर हे प्रशासकीय निकडीमुळे पुढील आदेशापर्यंत भाऊ-बहीण आहेत. संबंधितांनी तात्काळ रुजू होऊन अहवाल सादर करावा.' एक प्रत खिलारेंना, एक यास्मिनला, एक शस्त्रागाराच्या फळीवर, सत्तेचाळीस नंबरच्या माहितीसाठी.

खिलारेंनी आपली प्रत घडी करून खिशात ठेवली. संध्याकाळपर्यंत ती चार वेळा काढून पाहिली. शाई उडत तर नाही ना, एवढंच बघायचं होतं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

गुरुवारी सकाळी ते इस्त्रीचा गणवेश घालून मैदानावर गेले, आदेश सत्तेचाळीसपुढे धरला आणि गोळी दिली. सत्तेचाळीसने ती घेतली नाही. ह्या खेपेला तर ते खिलारेंच्या हातात अंमळ वळलं, तोंड फिरवल्यासारखं.

"कागुद झाला," खिलारे हळूच म्हणाले, "पर मलाच जमत नसंल. सवय न्हाई मला कुणाचा कोण व्हायची."

"तसं नाही," पेंढारकर म्हणाले. ते आता जातीने हजर राहत होते. "आदेश नीट वाचा. रुजू कुठे झालात तुम्ही? बदलीचा कागद खिशात घालून घरी बसलं तर कुणी पगार देतं का? भाऊ म्हणून रुजू व्हायचं ठिकाण म्हणजे बहिणीचं घर. दुपारपर्यंत रुजू अहवाल आणा. उद्या समिती आहे."

बहिणीच्या घरी रिकाम्या हाताने जात नाहीत, एवढं खिलारेंना ऐकून माहीत होतं. काय नेतात ते माहीत नव्हतं. त्यांनी वाटेत डझनभर केळी घेतली, मग ती कमी वाटली म्हणून आणखी डझनभर घेतली, आणि दोन्ही हातांत दोन फण्या धरून, गणवेशात, मुजावर गल्लीतून चालत निघाले. लोक उभे राहून बघत होते. पोलीस केळी जप्त करून नेत आहेत, अशी बातमी ते घरी पोचायच्या आत कोपऱ्यापर्यंत पोचली.

यास्मिनच्या आईला सगळी गल्ली अम्मी म्हणे. त्या बाजेवर बसून तांदूळ निवडत होत्या. यास्मिन आधीच घरी येऊन थांबली होती; तिने आदेश वाचून दाखवला. अम्मींनी सूप खाली ठेवलं आणि खिलारेंना पायापासून टोपीपर्यंत न्याहाळलं.

"एवढी वर्सं कुठं हुतासा?"

"शस्त्रागारात, अम्मी," खिलारेंनी खरं ते सांगितलं.

"तीन पोरींची लग्नं काढली मी. मांडव घालायला, पाणी भरायला कोण न्हवतं. आन् तू आपला शस्त्रागारात." त्यांनी उसासा सोडला. "जाऊं दे. आलास न्हवं आता. टोपी काढ, हात धू. दालचा-भात हाय."

खिलारे जेवायला बसले. आपल्याला कुणीतरी रागावलं, ह्याचा त्यांना इतका आनंद झाला होता की कुठे बघावं ते कळत नव्हतं. कुणी परक्यावर असं रागावत नाही. ते ताटात बघत राहिले.

यास्मिनने भाताचं पातेलं पुढे केलं. "मामा, आणखी घ्या की."

अम्मींचा हात सुपातच थांबला. "काय म्हनलीस?"

"भात घ्या म्हणले."

"त्याच्या आदी."

"मामा म्हणले. आठ वर्सं मामाच म्हणतीय की."

"अगं येडे, शिकली-सवरली तू!" अम्मी म्हणाल्या. "तुजा मामा तो तुज्या लेकराचा मामा कसा हुईल? तो आज्याच्या पंगतीत बसला. आज्याच्या हातनं कोन उष्टावतंय? लेकराला कळतंय त्ये तुम्हांस्नी कळंना."

 दोनशे बारा जणांत, उपअधीक्षक मॅडममध्ये आणि पेंढारकरांच्या व्याकरणात जे सापडलं नव्हतं, ते निवडलेल्या तांदळातल्या खड्यासारखं अम्मींनी उचलून बाजूला ठेवलं होतं. यास्मिनने तोंड उघडलं, मिटलं. आठ वर्षांची जिभेची सवय होती. तिने पदराने कपाळ पुसलं, पातेलं पुन्हा पुढे केलं.

"दादा," ती म्हणाली, "भात घेता न्हवं?"

खिलारेंचं पोट भरलं होतं. त्यांनी भात घेतला. कालवला, घास केला, तोंडात घातला, आणि तो घशाशी जाऊन तिरका झाला. खाली जाईना, वर येईना. जन्मात त्यांना कुणी दादा म्हटलं नव्हतं. यास्मिनने कारागिराच्या नजरेने क्षणभर पाहिलं आणि पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. अम्मींनी उठून पाठीवर दोन थापा घातल्या. तिसऱ्या थापेला घास उतरला.

"होतंय सुरुवातीला," अम्मी म्हणाल्या.

रुजू अहवालावर खिलारेंनी सही केली. 'आज रोजी मध्यान्हानंतर, जेवून, रुजू.' 'जेवून' हा शब्द नमुन्यात नव्हता. तो अम्मींनी घालायला लावला. पेंढारकरांनी तो खोडला नाही.

शुक्रवारी समिती आली. तिघेजण होते आणि हिरेमठ नावाचे उंच, कमी बोलणारे अभियंते अध्यक्ष होते. त्यांच्या हातात 'बाद' असा शिक्का होता, आणि तो त्यांनी टेबलावर शाईच्या गादीशेजारी तयार ठेवला. खिलारेंना त्या शिक्क्याशिवाय दुसरं काही दिसेना.

मैदानावर पाट मांडला होता. खिलारे त्यावर मांडी घालून बसले. अम्मींनी पाठवलेल्या चांदीच्या वाटीत आठ गोळ्या होत्या. यास्मिनने सत्तेचाळीस नंबरला फडक्यातून काढलं, नळी लक्ष्याच्या दिशेने ठेवून त्यांच्या मांडीवर दिलं आणि मॅगझिन त्यांच्या हातात ठेवलं.

"दादा, सावकाश," ती म्हणाली. "घाई करू नका. ते भ्यालंय."

"मी बी भ्यालोय," खिलारे म्हणाले.

त्यांनी पहिली गोळी उचलली. "हा घास चिऊचा." गोळी मॅगझिनमध्ये गेली. "हा घास काऊचा. हा मनीचा. हा मोत्याचा." चार झाल्या. पुढे कोणाचा म्हणायचं ते त्यांना येत नव्हतं. भरवायची वेळच कधी आली नव्हती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "हा पेंढारकर साहेबांचा. हा मॅडमचा. हा अम्मीचा." वाटीत एक गोळी उरली. ती त्यांनी चिमटीत धरली.

"आन् ह्यो मामाचा."

मॅगझिन आत सरकवलं. स्लाइड मागे ओढली आणि सोडली.  खट्ट असा एकच पुरा, भरलेला आवाज आला. स्लाइड पूर्ण पुढे जाऊन बसली होती.

"गिळलं," यास्मिन म्हणाली. मग ती जोरात म्हणाली, "दादा, गिळलं की वो!"

तिने सत्तेचाळीसला अलगद उचललं, रेषेवर जाऊन उभी राहिली आणि लक्ष्यावर आठ गोळ्या झाडल्या. एकही अडली नाही. हिरेमठांनी मातीतली टरफलं स्वतः वेचली, मोजली, पुन्हा मोजली आणि शिक्का डब्यात परत ठेवला.

"विधी पुरा करा," ते म्हणाले. "उष्टावण झाल्यावर पुढ्यात वस्तू मांडतात. मूल कशाला हात लावतं ते बघतात. आमच्या घरीही करतात."

पिस्तूल रिकामं आहे ह्याची यास्मिनने तीनदा खात्री केली. सतरंजीवर एक शाईचं पेन मांडलं, कायद्याचं पुस्तक मांडलं, बेडी मांडली, नाईकनवरे मॅडमची छडी मांडली आणि कवायत मास्तरांची शिट्टी मांडली. मधोमध सत्तेचाळीस नंबरला ठेवून सगळे मागे सरले. ते थोडा वेळ तसंच राहिलं. मग बेडीच्या बाजूला किंचित कललं. पण ते तिथे थांबलं नाही. बेडीला वळसा घालून ते सावकाश शिट्टीपाशी गेलं आणि तिला टेकून पडलं.

"कल क्रीडेकडे," हिरेमठांनी अहवालात लिहिलं. "शर्यती सुरू करण्याच्या कामी देण्यात यावे. बिनशिशाच्या, नुसत्या आवाजाच्या गोळ्या पुरवाव्यात."

"बरं झालं," खिलारे म्हणाले. ह्या खेपेला ते मोठ्याने म्हणाले.

महिनाअखेर आली. निवृत्त होणाऱ्याने सरकारची प्रत्येक वस्तू परत करायची असते आणि पेंढारकरांकडे तिची यादी असते. त्यांनी एकेक नाव वाचलं आणि खिलारेंनी एकेक वस्तू टेबलावर ठेवली. पट्टा. टोपी. ओळखपत्र. शस्त्रागाराच्या किल्ल्या. किल्ल्या ठेवताना त्यांचा हात थोडा रेंगाळला. मग पेंढारकर थांबले.

"क्रमांक नऊ," त्यांनी वाचलं. "नाते, एक."

 हे खिलारेंच्या ध्यानातच आलं नव्हतं. आदेश सरकारी, कागद सरकारी. म्हणजे ते मिळालं तेही सरकारचंच. त्यांनी खिशातून घडी झिजलेली प्रत काढली आणि यादीशेजारी ठेवली. हात मात्र तिच्यावरच राहिला.

पेंढारकरांनी हात बाजूला केला, चष्मा लावला आणि आदेश पहिल्या शब्दापासून वाचला. 

"पुढील आदेशापर्यंत, असं आहे," ते म्हणाले.

"व्हय."

"पुढील आदेश निघालाय का?"

"माझ्या म्हायतीत तरी न्हाई, साहेब."

"माझ्याही नाही. आणि इथला प्रत्येक कागद माझ्या हातूनच निघतो." त्यांनी क्रमांक नऊपुढे लिहिलं, 'जमा करण्याचा प्रश्न उद्भवत नाही', आणि आदेश घडी करून खिलारेंच्या हातात दिला. "तुम्ही हवालदारपदावरून निवृत्त होताय. बाकी कशावरून नाही. ठेवा खिशात, आणि घडी फार उघडू नका, फाटेल."

खिलारे साध्या सदऱ्यात बाहेर आले. क्रीडामैदानाकडून गलका येत होता. आज पोलीस क्रीडा स्पर्धांचा पहिला दिवस होता आणि शंभर मीटरची शर्यत सुरू व्हायची होती. रेषेशी यास्मिन उभी होती, सत्तेचाळीस नंबर तिच्या हातात आकाशाकडे बघत होतं.

"दादा, या लवकर!" ती ओरडली. "तुमच्यासाठी थांबलोय! आन् अम्मीनं सांगितलंय, संध्याकाळी जेवायला या, पर केळी आणू नका. अजून संपली न्हाईत!"

फाटकावरच्या पहारेकऱ्याने नोंदवही पुढे केली. आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येकाची नोंद त्याला करावी लागे.

"मामा, निघालासा घरी?"

"घरी न्हवं," खिलारे म्हणाले. "मैदानावर. भाचरू हाय माजं तिथं."

पहारेकऱ्याने मान डोलावली आणि वहीत लिहिलं: 'ज्ञानोबा बाळू खिलारे, सेवानिवृत्त, मामा. अकरा वाजून वीस मिनिटांनी भाचराकडे रवाना.' त्याने पूर्णविराम देताना तिकडे मैदानावर ठो झालं, आणि आठही जण एकदम पळत सुटले.